मुकुटाखालची अक्षरं

२०२० सालचा सप्टेंबर. कंपनीने 'घरून काम करा' म्हटलं आणि मी पुण्याची खोली सोडून सरळ बैहरला आलो. इंजिनिअरिंगसाठी घर सोडल्यापासून इतके दिवस सलग मी कधी इथे राहिलो नव्हतो. गच्चीच्या एका कोपऱ्यात नेट चांगलं येतं, त्यामुळे पाण्याच्या टाकीशेजारी खुर्ची टाकून माझं ऑफिस सुरू झालं. एका दुपारी मीटिंग संपवून खाली आलो तर मोठे काका ओसरीत सतरंजी अंथरून बसलेले. समोर तीन बंदुका, तीळतेलाची वाटी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या.

"बाबू, यातली एक द्यावी लागते सरकारले," काका म्हणाले. "सांग बरं, कोणती देऊ?"

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी एका परवान्यावर तीन हत्यारं ठेवता येत होती, आता दोनच. वारसा म्हणून आलेलं हत्यारही त्या दोनातच मोजायचं. तिसरं वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. लॉकडाऊनमध्ये सहा महिने गेले होते. काकांना ही चिंता होती, आणि सल्ला विचारायला घरात 'इंजिनिअर' मी एकटाच.

मला बंदुकीतलं काहीही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना बैहर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बालाघाट जिल्ह्यातलं, घाट चढून गेल्यावर लागणारं तालुक्याचं गाव. कान्हाचं मुक्की गेट आमच्याच तालुक्यात. पर्यटक जिप्सीतून जातात तो साल वृक्षांचा सगळा पट्टा एके काळी शिकारीचे ब्लॉक पाडून परमिटवर दिला जायचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणून वकील, कारकून, मास्तर, जंगलाचे ठेकेदार अशी बरीच मराठी घरं इकडे आली आणि राहिली. आमचे पणजोबा त्यातलेच, लाकडाच्या ठेक्यावर मुनीम. घरात आम्ही मराठी बोलतो, दारात हिंदी, आणि भांडताना दोन्ही.

तर तीन बंदुका. एक थ्री-फिफ्टीन, म्हणजे पॉइंट ३१५ ची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली साधी बोल्ट रायफल. दुसरी बारा बोअरची दुनळी, आजोबांची आवडती. आणि तिसरी 'ती'. दोन नळ्यांची, बाहेर घोडे असलेली, नळ्या उघडायला खाली लांब लोखंडी खटका. वजन एवढं की मी ती पहिल्यांदा उचलली तेव्हा मनगट खाली गेलं. परवान्याच्या पुस्तिकेत तिची नोंद 'डीबीबीएल रायफल, ५०० एक्सप्रेस' अशी आहे. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याचं नाव कोरलेलं आहे.

तिची गोष्ट आमच्या घरातलं प्रत्येक पोर ऐकत मोठं झालं. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा दिल्ली दरबाराला आला. त्याच्या शिकारीसाठी विलायतेहून खास रायफली आल्या. त्यातली एक एका जंगलसाहेबाकडे राहिली, आणि त्या साहेबाचा जीव पणजोबांनी वाघापासून वाचवला म्हणून त्याने ती पणजोबांना बक्षीस दिली. गोष्ट सांगणाऱ्याप्रमाणे वाघाची लांबी बदलायची, बादशहा मात्र कायम. काकांचं मत ठरलेलं होतं: ती द्यायची नाही, काही झालं तरी नाही. शिवाय मध्यंतरी एका ओळखीच्या माणसाने "लंडनचा माल आहे, वीस लाख कुठे गेले नाहीत" असं कानावर घातलं होतं. त्यामुळे तिचा मान आणखी वाढला होता.

इथवर सगळं ठीक होतं. मग काकांनी ट्रंकेतून एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत आठ काडतुसं. पितळ काळवंडलेलं, पण गोळ्या चकचकीत. सोबत लाल-पिवळ्या खोक्याचा एक फाटका तुकडा.

"बाबांची आहेत. पाचशेचीच. खंडेनवमीले पूजा झाली का शेतात नेऊन दोन बार काढायचे. मग परवाना तुझ्या नावाने करायचा अर्ज टाकू."

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. आजोबांच्या काळात पूजेनंतर एक बार काढायची रीत होती. आता तसं करणं गुन्हा आहे. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाप्रीत्यर्थ हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत. मी हे काकांना सांगितलं. "हवेत कोण म्हणते? मातीत मारीन," हे त्यांचं उत्तर. वकिलाच्या घरी न जन्मलेला वकील!

मला खरी भीती कायद्याची नव्हती. शंभर वर्षांची रायफल, साठ वर्षांची काडतुसं आणि बहात्तर वर्षांचे काका, हे तिन्ही एकत्र आले की काय होईल याची होती. पण 'भीती वाटते' हे काकांपुढे कारण होऊ शकत नाही. मला काहीतरी लेखी हवं होतं. ते रायफलीवरच लिहिलेलं आहे हे मला दोन दिवसांनी कळलं.

झालं असं. ती रायफल 'लंडनची' खरंच आहे का, एवढंच बघायचं म्हणून मी रात्री वाचत बसलो. वाचताना समजलं की नळ्यांच्या वर कोरलेलं नाव हे विकणाऱ्याचं असू शकतं. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची नामांकित दुकानं. ती विलायतेत बनलेल्या बंदुका मागवून आपलं नाव घालून विकत. (रॉडा म्हणजे तेच, ज्यांची ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी ऑगस्ट १९१४ मध्ये भर दिवसा बैलगाडीतून पळवली.) बंदुकीची खरी कुंडली नळ्यांच्या खालच्या अंगाला असते. बंदूक जोडलेली असताना ती दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी रायफल सोडवली. परवाना त्यांचा, म्हणून हात त्यांचेच. मी नुसता मोबाइल धरून उभा. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं. मग नळीखालचं पुढचं लाकूड काढलं, खालचा खटका फिरवून नळ्या उघडल्या आणि आकड्यावरून उचलून वेगळ्या केल्या. उलट्या केल्यावर काडतूस बसतं त्या जागेच्या खाली दोन सपाट पट्ट्या दिसल्या. त्यावर शंभर वर्षांचं तेल आणि मळ. काकांनी घासायला सुरी घेतली, मी ती काढून घेतली. चिंधीने पुसून वर काकूंची टाल्कम पावडर चोळली आणि मोबाइलचा दिवा तिरपा धरला. खाचांत पावडर बसली आणि अक्षरं वर आली. मुकुट, त्याखाली फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड, आणि फुलीच्या कोनांत बी, पी, सी. शेजारी तसाच दुसरा शिक्का, त्यात फक्त व्ही. जरा बाजूला ३८ हा आकडा. दुसऱ्या नळीवरही हेच सगळं.

बस्स. आणखी काही नाही. आणि जे नव्हतं तेच महत्त्वाचं निघालं.

या शिक्क्यांना प्रूफ मार्क म्हणतात. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेऊन तिच्यातून मुद्दाम जादा बार काढतात, नेहमीच्या वापरात येईल त्याहून जास्त दाबाचा. नळी फुटली तर तिथेच फुटते. टिकली तर नळी आतून बाहेरून तपासतात, फुगली नाही, चिरली नाही याची खात्री करतात आणि मग शिक्का मारतात. पहिला शिक्का बाराचा, दुसरा तपासणीचा. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा लोड टेस्टचा दाखला, आणि तो थेट यंत्रावर ठोकलेला असल्यामुळे हरवत नाही.

अशी प्रूफ हाउसं इंग्लंडात दोनच. लंडनचं तिथल्या बंदूककारांच्या संघाचं, ज्याला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभं राहिलं. दोघांचे शिक्के वेगळे. लंडनचा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली जी आणि पी ही अक्षरं, आणि तपासणीचा मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचा म्हणजे आमच्यावर होता तो राजदंडांच्या फुलीचा. म्हणजे वीस लाखांचं लंडन पहिल्याच मिनिटाला गेलं! काकांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "काका, बर्मिंगहॅम काही वाईट नाही. वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर हे तिथलेच. निम्म्या जगाला बंदुका त्या गावाने पुरवल्या." त्यांनी मान हलवली, पण ती नुसतीच हलवली.

३८ चा अर्थ मला फार आवडला. बोअर मोजायची ही जुनी पद्धत. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या गोल गोळ्या करा. बारा गोळ्या होत असतील तर त्या गोळीच्या व्यासाची नळी ती बारा बोअर, म्हणजे पॉइंट ७२९ इंच. गोळ्या जास्त, तर नळी बारीक. ३८ गोळ्या केल्या तर प्रत्येकीचा व्यास साधारण पॉइंट ४९७ इंच येतो. तपासनीस ठरावीक मापाच्या सळ्या नळीत घालून बघे. जी सर्वांत जाड सळी आत गेली तिचा आकडा ठोकायचा. पाचशेच्या रायफलीत ३८ ची जाते, ३७ ची अडकते. परवान्यातल्या '५०० एक्सप्रेस'शी हे जुळलं. मी गणित कागदावर करून दाखवलं, तेव्हा काका पहिल्यांदा खूश झाले. नोंद खरी निघाली होती.

आता राजदंडांची गोष्ट. बर्मिंगहॅमने हा फुलीचा शिक्का १८१३ पासून १९०४ पर्यंत वापरला. १९०४ च्या नियमांनंतर त्यांनी मुकुटाखाली नुसती अक्षरं मारायला सुरुवात केली: बीपी, बीव्ही, आणि तिसरं एनपी. हे एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ. लंडनच्या नायट्रो शिक्क्यात चिलखत घातलेला, कोपरात वाकलेला हात आणि त्या हातात वाकडी तलवार असते, खाली एनपी. १८९६ ते १९०४ या मधल्या काळात 'नायट्रो प्रूफ' हे शब्दच अख्खे ठोकलेले सापडतात. आमच्या रायफलीवर यातलं काहीही नव्हतं.

नायट्रो म्हणजे काय हे न समजता पुढे जाता येणार नाही. जुनी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. काळी दारू. ती धूर फार करते, नळी घाण करते, पण तिचा दाब त्या मानाने कमी असतो. १८८९ साली ॲबेल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइटचं पेटंट घेतलं. शेवयांसारख्या कांड्या, नायट्रोग्लिसरीन आणि गन कॉटनपासून केलेल्या, धूर जवळजवळ नाही. थोड्या वजनात फार जास्त जोर, आणि नळीवर दाबही कितीतरी जास्त. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने पॉइंट ४५० नायट्रो एक्सप्रेस काढली आणि दहा वर्षांत मोठ्या शिकारीच्या रायफलींचं सगळं जगच बदललं. कॉर्डाइटसाठी नळ्या जाड, कुलूप मजबूत, पोलाद वेगळं. अशा रायफलीवर नुसता शिक्का मारत नसत. जास्तीत जास्त किती भार चालेल तेही ठोकत. उदाहरणार्थ 'कॉर्डाइट ८०-५७० मॅक्स' म्हणजे ८० ग्रेन कॉर्डाइट आणि ५७० ग्रेनची गोळी, याच्या वर जायचं नाही. ४७० च्या रायफलीवर ७५-५००, ५७७ वर १००-७५०. (एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, त्यामुळे ५७० ग्रेन म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम शिसं आणि धातू.)

आणि इथे खरी मेख आहे. पाचशे बोअरची तीन इंची काळ्या दारूची केस आणि पाचशे बोअरची तीन इंची नायट्रोची केस मापाने सारखीच आहे. कारखान्यांनी जुनीच केस घेऊन आत नवी दारू भरली. म्हणजे नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या रायफलीत अगदी सहज बसतं. खटका मिटतो, घोडा ओढला जातो. अडवणारं काहीच नाही, फक्त नळीखालचे शिक्के सोडून.

मी खोक्याचा तो लाल-पिवळा तुकडा पुन्हा घेतला. त्यावर अर्धवट फाटलेल्या ओळीत एकच आकडा पूर्ण वाचता येत होता: ५७०.

काळ्या दारूच्या पाचशेत गोळी ३४० ते ४४० ग्रेनची असते, बहुधा उघड्या शिशाची, कधी कागद गुंडाळलेली, कधी टोकाला तांब्याची पोकळ नळी बसवलेली. आमच्या पुरचुंडीतल्या आठही गोळ्या पूर्ण धातूच्या आवरणातल्या, गोल नाकाच्या, अख्ख्या. नायट्रोच्याच होत्या.

संध्याकाळी मी हे सगळं काकांना सांगितलं. गंमत करावीशी वाटली नाही. काका बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी विचारलं, "म्हणजे फुटली असती?"

"नक्की सांगता येणार नाही. कदाचित पहिल्या बाराला नसतीही. पण त्या नळ्यांनी ही परीक्षा कधी दिलेलीच नाही. आणि तोंड तुमचं असतं, काका. डावा हात नळीखाली."

काकांनी काडतुसं रुमालात बांधली. दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दुकानदाराकडे फोन करून ती जमा कशी करायची ते विचारलं. माझ्या दृष्टीने काम तिथे संपलं होतं. काकांच्या दृष्टीने नाही. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मग बादशहाचं काय?"

खरं तर हा प्रश्न मी टाळत होतो. शिक्के १९०४ च्या आधीचे. म्हणजे दरबाराच्या वेळी रायफल कमीत कमी सात वर्षांची, बहुधा वीस-पंचवीस वर्षांची. पंचम जॉर्जने दरबारानंतर नेपाळच्या तराईत दहा दिवस शिकार केली आणि त्या शिकारीत ३९ वाघ पडले, हे इतिहासात आहे. पण त्या वेळेपर्यंत कोणताही श्रीमंत शिकारी काळी दारू वापरत नव्हता. बादशहासाठी कोणी बाहेर घोड्यांची, काळ्या दारूची, बर्मिंगहॅमची जुनी रायफल आणली असेल, हे मला काही पटेना.

मग ती साहेबाकडून पणजोबांकडे आली कशी? माझा अंदाज सांगतो, आणि तो अंदाजच आहे. १८९८ नंतर कॉर्डाइटच्या रायफली आल्या तेव्हा हिंदुस्थानातल्या साहेबांकडे काळ्या दारूच्या 'एक्सप्रेस' ढिगाने पडून होत्या. हा 'एक्सप्रेस' शब्द १८५६ सालचा, लंडनच्या पर्डीने आपल्या वेगवान रायफलीला 'एक्सप्रेस ट्रेन' म्हटलं तेव्हापासूनचा. कॅप्टन जेम्स फोर्साइथ इकडच्याच जंगलांतून हिंडला. त्याने शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिलं आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक १८७१ साली आलं. त्याच्या पिढीत काळी दारू हीच दारू होती. चाळीस वर्षांनी त्या पद्धतीच्या रायफली जुन्या झाल्या. निवृत्त होऊन विलायतेला निघालेला साहेब एवढं वजन बोटीवर चढवणार, की मुनिमाला देऊन टाकणार? बदली झालेला शेजारी आपल्याला जुना कूलर देऊन जातो, तसं काहीसं झालं असावं.

हे मी बोलून गेलो आणि लगेच वाईट वाटलं. काकांनी ताट पुढे सरकवलं. काकू माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. "कूलर," काका म्हणाले. "आमच्या आजाले साहेबानं कूलर देल्ला."

दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मधल्या काळात मी बारा बोअरच्या खालचे शिक्के वाचले, थोडं मन रमवायला म्हणून आणि थोडं प्रायश्चित्त म्हणूनही. तिची कुंडली फारच स्वच्छ निघाली. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी, तिन्ही. चौकटीत तिरप्या चौकोनात १२ आणि सी, म्हणजे बारा बोअरच्या काडतुसाची जागा. शेजारी २½, म्हणजे त्या जागेची लांबी अडीच इंच, आणि १⅛ औंस हा छऱ्याचा कमाल भार. लांबी आणि छऱ्याचं वजन ठोकायचं हे १९२५ च्या नियमांनी आलं. आणि आणखी एक लहानसा शिक्का, आडव्या शस्त्रांच्या कोनांत अक्षरं, त्यातलं एक एफ. बर्मिंगहॅमने १९२१ पासून तपासणीच्या या छोट्या शिक्क्यात सालासाठी अक्षर घालायला सुरुवात केली: ए म्हणजे १९२१, बी म्हणजे १९२२. एफ म्हणजे १९२६. आजोबांचा जन्म १९२६ चा! काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, आणि आमचं बोलणं सुरू झालं.

अर्थात त्यातही एक ठेच होती. काका तिच्यात कधीमधी ७० मिलिमीटरची काडतुसं घालत आले होते, आणि अडीच इंच म्हणजे साधारण ६५ मिलिमीटर. काडतूस आत बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड मुडपलेलं असतं. पण उडवताना तोंड उलगडायला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. ३० वर्षं काही झालं नाही हे आमचं नशीब. ज्यांच्या घरी जुनी विलायती दुनळी आहे त्यांनी तेवढा आकडा बघाच. २½ असेल तर ६५ चीच काडतुसं, आणि एनपी नसेल तर कोणतीच नाहीत.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली, ती इथे सांगतो कारण ती आपल्याकडचीच आहे. जुन्या संस्थानिकांच्या आणि मालगुजारांच्या घरांत ४६५, ४७० असे विचित्र आकडे का सापडतात? १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं माप ४५० चं, त्यामुळे काडतुसं किंवा गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. मग विलायतेच्या कारखान्यांनी जवळपासची नवी मापं काढली, हॉलंडची ४६५ ही त्यातली एक. आपल्या भीतीपोटी निघालेल्या त्या मापांनी पुढे आफ्रिकेत नाव काढलं. ३०३ सामान्य माणसाला न मिळता ३१५ मिळते, त्यामागेही असंच लष्करी माप वेगळं ठेवायचं तत्त्व आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काका मला मोटारसायकलवरून मुक्कीच्या रस्त्यावरच्या एका गावात घेऊन गेले. आजोबांबरोबर जंगलात जाणारा एक म्हातारा बैगा तिथे राहतो. वय त्यालाही माहीत नाही. आजोबांची शिकार १९७० च्या वाघबंदीआधीच सुटली होती. नंतर १९७२ चा कायदा आला, १९७३ ला कान्हा व्याघ्र प्रकल्पात गेलं. त्या काळात कान्ह्यात बारासिंगे ६६ उरले होते. आजोबा ते ऐकून म्हणायचे की त्यात आपलाही हातभार आहे. ही गोष्ट आमच्या घरात बादशहाइतकी सांगितली जात नाही.

म्हाताऱ्याला काकांनी 'त्या' रायफलीबद्दल विचारलं. तो हसला. "उसका धुवाँ," तो म्हणाला. "मारो तो धुवाँ ही धुवाँ। शेर गिरा कि भागा, बैठ के देखना पड़ता था कि धुवाँ कब हटे।" काका माझ्याकडे बघत राहिले. बिनधुराच्या दारूचे शिक्के नसलेली रायफल, आणि साठ वर्षांपूर्वीचा तिचा धूर पाहिलेला माणूस. मग मी विचारलं की त्या चकचकीत गोळ्या आजोबांनी कधी मारल्या का. त्याने मान हलवली. दादा काडतुसं स्वतः भरायचे, शिसं वितळवून, चुलीजवळ; 'दुकानवाली' त्यांनी कधी घातली नाहीत.

घरी आल्यावर आम्ही आजोबांची जुनी परवाना पुस्तिका काढली. काडतुसांच्या खरेदीच्या पानावर १९६२ सालची एक ओळ आहे: ५०० बोअर, नग १०. पुरचुंडीत आठ. दोन कुठे गेली, हे म्हाताऱ्याला माहीत नाही, काकांना माहीत नाही. उडवली असतील तर नळ्यांनी ती सहन केली. काकांचं म्हणणं, बाबांनी दोन फोडून आत काय आहे ते बघितलं असेल आणि बाकीची बांधून ठेवली असतील. आजोबा घड्याळ, रेडिओ सगळं उघडून बघायचे, त्यामुळे हे शक्य आहे.

तुमच्याही घरी माळ्यावर किंवा भिंतीवर असं काही असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. परवाना ज्याच्या नावे आहे तो वारला असेल तर हत्यार घरात ठेवू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं, आणि मग वारसाने अर्ज करायचा. परवानाधारक हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाच्या नावे परवाना मागता येतो. काका दोन्हींत बसत होते. आणि कृपा करून नळीखालचा भाग घासून 'चकाचक' करून घेऊ नका. पॉलिशवाल्याच्या चाकाखाली शिक्के पुसले की पुढच्या माणसाला ती नळी काय सहन करते हे सांगणारं कोणी उरत नाही. फोटो काढून ठेवा, दोन-तीन कोनांतून, तिरप्या उजेडात.

शेवटी काकांनी थ्री-फिफ्टीन जमा केली. तिघींतली सर्वांत नवी, सर्वांत सुरक्षित, आणि जिला एकही गोष्ट चिकटलेली नाही अशी. मला ते थोडं उलटं वाटलं. कामाची तीच होती. पण काका म्हणाले, "कामाचं आता काय काम आहे?" आठ काडतुसंही त्याच दिवशी गेली. पावती त्यांनी परवान्याच्या पुस्तिकेत घडी घालून ठेवली आहे.

खंडेनवमीला पाटावर दोन बंदुका होत्या. शेजारी दरवर्षीप्रमाणे विळा, कुऱ्हाड, काकूंचं शिलाई मशीन, आणि काकूंनीच आणून ठेवलेला माझा लॅपटॉप. काकांनी हळदकुंकू वाहिलं. बार निघाला नाही. माझा सहा वर्षांचा पुतण्या मोठ्या रायफलीपुढे उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, "आजोबा, ही कोणाची?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"साहेबाची होती," ते म्हणाले. "बादशहा आला होता न दिल्लीले, त्याच साली देल्ली त्यानं माझ्या आजाले. फार धूर करते."